मी शिडी सोडली नाही!

आमच्या घराण्यात शिडीवरून पडणं वंशपरंपरेने चालत आलं आहे. आजोबा पडले, काका पडले आणि गेल्या उन्हाळ्यात बाबा पडले. बाबांचा मंगरूळपीरला मंडप-डेकोरेशनचा धंदा. खांद्याचं हाड मोडलं, तरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "मी नाई पडलो. सिडी पडली. मी फक्त तिच्यावर होतो!"

प्लास्टर निघालं त्या दिवशी आईने फर्मान काढलं, "आता एकदा जरी पडले, तर समदा मंडप भंगारात देऊन टाकीन!"

आई अंगणवाडी सेविका. मोर्चात सगळ्यांत पुढे. ती बोलली की करते. मीही तिचीच लेक. इतर पोरं गोष्टींच्या पुस्तकांवर वाढली, मी आईच्या मोर्चांच्या पत्रकांवर. साहजिकच बाबांचा धंदा वाचवायला मी पत्रक काढलं! गुलाबी कागद, ठळक मथळा: 'मंडप कामगारांनो, शिडी धरा!' शिडी सपाट जमिनीवर लावा, विटांवर नाही. एक चढेल तेव्हा दुसऱ्याने दोन्ही हातांनी धरा. आणि धरणाऱ्याची नजर शिडीच्या पायांवरच हवी. मोबाइलवर नाही, पाहुण्यांवर नाही, वर तर नाहीच नाही! (हा शेवटचा नियम माझ्या स्वतःच्या प्रतिभेचा.)

पहिला प्रयोग मेडशीला, आत्याच्या मुलीच्या लग्नात. घराच्या स्लॅबवरून मंडपाचं कापड ताणायचं होतं. बाबा नेहमीप्रमाणे शिडीखाली वीट सरकवू लागले. मी वीट काढून फेकली.

"तुया जन्माच्या आंदीपासून चढून राह्यलो मी!"

"अन् माया जन्माच्या आंदीपासून पडून राह्यले!"

"जाय! आता तुयासंगं बोलतच नाई!"

चपला शिडीपाशी काढून बाबा रागारागाने वर गेले. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. नजर पायांवर. क्रांती सुरू झाली!

थोड्या वेळाने शिडी थरथरू लागली.

"बाबा, हळू!"

उत्तर नाही. रुसले होते ना! पुन्हा हिसका बसला. मी आणखी घट्ट धरली. म्हटलं, माणूस ऐकत नसला तरी त्याचा जीव आपल्या हातात आहे. रुसव्यावर विचार हाच उपाय, म्हणून मी भाषण सुरू केलं. (डोळे अर्थात खालीच.)

"बाबा, पडण्यात मर्दुमकी नसते! कामगाराचं हाड हे भांडवल आहे!"

शिडी दोनदा हलली. पटलं वाटतं!

एवढ्यात बाबांचा मदतनीस गजाभाऊ आला. "ताई, पंगत बसून राह्यली. चाला जेवाले."

"कामगार वर असताना मी शिडी सोडणार नाही!"

"पण ताई, वर तं—"

"वर पाहायचं नाही! नियम आहे!"

हळूहळू आजूबाजूला पावलं जमू लागली. पैंजणांची, बुटांची, अनवाणी पोराटोरांची. कोणी खोकलं, कोणी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज केला. माणसं गहिवरली, असं समजून मी आवाज चढवला. हात भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, नाकावर माशी फिरत होती. पण सोडली नाही! आयुष्यातला पहिला श्रोतृवर्ग मिळाला होता आणि वर साक्षात बाप ऐकत होता!

"बाबा, आज तुम्ही पडणार नाही! मी आहे!"

तेव्हा त्या पावलांत आणखी दोन पाय येऊन थांबले. डाव्या अंगठ्याचं नख फुटलेलं. त्या पायांनी शिडीपाशी ठेवलेल्या चपला सावकाश घातल्या.

"कोनाशी बोलून राह्यली व माय?" बाबांच्या तोंडात जिलबी होती.

मी पहिल्यांदा वर पाहिलं. शिडीच्या वरच्या पायरीला मंडपाच्या कापडाची दोरी तात्पुरती बांधलेली होती. वारा आला की कापड फुगत होतं आणि शिडी माझ्या भाषणाला मान डोलावत होती. बाबा दोरी बांधून घराच्या जिन्याने केव्हाच खाली उतरले होते. पहिल्या पंगतीला!

सगळा मांडव हसला. बाबा हसले नाहीत. माझ्या तळहातांवर उठलेले बांबूचे वळ त्यांनी पाहिले आणि पाहुण्यांकडे वळून छाती फुगवून म्हणाले, "पायलं काय? आमची पोरगी हाय! सिडीवर कोनी नसलं तरी सोडत नाई!"

दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायचा होता. बाबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दूर उभ्या आईकडे पाहिलं, पाय मागे घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "धर व माय! धरल्याबिगर मी चढत नसतो!"

मंडप अजून आमचाच आहे. पत्रकाची दुसरी आवृत्तीही निघाली. नियम तेच, शेवटी फक्त एक ओळ वाढवली आहे: 'धरणाऱ्याने अधूनमधून वर पाहावे.'