समुद्रावर निघालेल्याला विचारू नये

आमच्या तळाशीलात समुद्रावर निघालेल्या माणसाला 'खंय जातंस?', म्हणजे 'कुठे जातोस?', असं विचारत नाहीत. विचारलंच कुणी, तर निघालेल्याने माघारी फिरायचं, ओट्यावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच पुन्हा पाऊल उचलायचं. आमच्याकडे उतरणारे घाटावरचे पाहुणे याला अंधश्रद्धा म्हणतात आणि मांजर आडवं गेलं की गाडी थांबवतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आमच्या घरात तर हा प्रश्न समुद्राच्याच काय, बाजाराच्या वाटेवरही कुणी विचारत नसे. मी शाळेला निघाले तरी आई म्हणायची, "लांब काय गो?" शाळा हाकेच्या अंतरावर होती.

कारण सगळ्या वाडीला माहीत होतं. मी लहान असताना बाबा एका पहाटे एकटेच होडी घेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला निघाले, आणि आईच्या तोंडून तो शब्द निसटला. बाबा परत आले नाहीत. शेजारच्या काकीने ते ऐकलं होतं. भांडण पाण्याच्या नळावरून असो की कोंबडीवरून, शेवटी ती तिथेच यायची. "हिनाच इचारल्यान, खंय म्हणान!" आईने तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. तो शब्दच तिने टाकून दिला.

अशा घरात माझ्या नवऱ्याने दोन कयाक आणल्या. तो मसुऱ्याचा, भात आणि काजूवाल्या घरातला. लग्नानंतर आम्ही आईच्याच घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, तेव्हापासून वाडी त्याला घरजावई म्हणून चिडवते आणि तो खुशाल हसतो. पिवळ्या प्लास्टिकच्या त्या दोन होड्या पाहुण्यांना मागच्या खाडीत फिरवण्यासाठी होत्या. त्यासाठी तो रीतसर शिकूनही आला होता. खाडीबद्दल आईची तक्रार नव्हती. खाडीत पडलेला माणूस चिखलात उभा राहतो. पण आमचं घर अशा चिंचोळ्या पट्टीवर आहे की मागे खाडी आणि पुढे समुद्र. दिवाळीनंतर एका संध्याकाळी नवरा समुद्राकडे बघत म्हणाला, "आपण दोघांनी एकदा गरी घेवन भायर जावया."

मला जायचंच होतं. बाबांची मुलगी असून मी उघड्या समुद्रात कधी गळ टाकला नव्हता. आईने टाकू दिला नव्हता. चाळिशी ओलांडली तरी ते मनात सलत होतं, आणि समुद्राची भीतीही तेवढीच होती. दोन्ही एकदम वाटलं की मी चिडचिड करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग रोज मागीलदारी आमचं ठरवणं सुरू झालं. 'दर्या' शब्द निघाला की आई सूप उचलून आत जायची. आम्ही आवाज खाली करायचो, आणि त्यामुळेच ती चोरी वाटायची. थंडीत सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. अशा वेळी किनाऱ्यालगत पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत दिसतं आणि नवखा माणूस फसतो. वल्हं थांबवलं की तो वारा हळूहळू, काही कळू न देता, बाहेर नेतो. म्हणून काठाकाठाने उत्तरेला जायचं, तोंडवळीची वाळूची पुळण संपली की आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी खडकांजवळ गोबरा माशासाठी गळ टाकायचे आणि जेवणाच्या आत घरी यायचं. जॅकेट, शिट्ट्या, पाणी, सगळं जमलं. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवीही आणली, पण त्या खडकांकडे रेंज कधी असते, कधी नसते.

अडलं एकाच गोष्टीवर.

"काठार एका माणसाक तरी म्हायती होया," नवरा म्हणाला, "आपण खंय गेलंव आणि कदी येतलंव. शिकवणाऱ्यान पयली गोष्ट हीच सांगल्यान."

"मग सांगा कोणाक तरी."

"घरात आई सोडून कोण आसा?"

"आईक नाय सांगूचा."

"मग काकीक सांगतंय."

काकीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

"तू एवढी शिकलेली," तो वैतागून म्हणाला, "आणि—"

"शिकलंय म्हणान आईक मारू काय?"

माझा आवाज चढला. आत सुपाचा आवाज थांबला. तोही मग हट्टाला पेटला, "तुझ्या आवशीच्या भियान आपण बुडूचा काय?" त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मिठाच्या बरणीपुरतं बोललो. त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी कुणालाच न सांगता जायचं ठरलं. त्याने मान हलवली, पण कबूल असल्यासारखी नाही.

आदल्या संध्याकाळी मी आमिषासाठी कोळंबी निवडत बसले होते. आई येऊन शेजारी बसली. तिने माझ्यासमोरची बारीक कोळंबी बाजूला सारली.

"ही नको. गोबऱ्याक मोठी लागता."

माझे हात थांबले. तिला सगळं कळलं होतं.

"लांब काय गो?" तिने विचारलं.

"नाय गो, हयच," मी खोटं बोलले. मोठी कोळंबी तिने नीट एका डब्यात भरून दिली. रात्री मला झोप लागली नाही आणि पलीकडच्या खोलीत तिचीही कूस बदलल्याचा आवाज येत राहिला.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही कयाक ओढत पुळणीवर नेल्या. पाठीवर जमिनीकडचा गार वारा लागत होता. काकी तिच्या अंगणात झाडत होती. आम्हाला बघून तिने ओठ घट्ट मिटले, तेवढं शहाणपण तिला आहे. मी कयाकमध्ये बसले, नवरा ढकलायला वाकला, आणि मागून वाळूवर पावलं वाजली. आई अनवाणी आली होती, पदर खोचलेला.

"खंय जातंस?"

मोठ्याने. आख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्याने.

काकीच्या हातातली केरसुणी गळून पडली. "अगो बाये! परत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं जो शब्द हिने पोरीच्या शाळेच्या वाटेवरही येऊ दिला नाही, तो आज समुद्राच्या तोंडावर का काढला? आम्हाला थांबवायला काढला, असंच मला वाटलं. मी उतरले, घराकडे वळले. ओटा, पाणी, आणि मग बहुतेक जाणं रद्दच. नवऱ्याने वल्हं वाळूत टाकलं.

आईने माझं मनगट धरलं.

"फिरू नको. पाणी पिऊ नको. माका उत्तर दी. खंय जातंस?"

"आचऱ्याक," मी म्हणाले. "खाडीच्या तोंडाकडे. तोंडवळीवरसून, काठाकाठान."

"आणि येतंस कदी?"

"जेवच्या आदी."

तिने ते मनात घोळवलं. ओठ हलले. मग माझ्याकडे बघत, पण काकीलाही ऐकू जाईल असं म्हणाली, "तेनी सांगल्यानी नाय. माझ्याकडे रागान बघल्यानी आणि गेले. सगळे सर्जेकोटाच्या अंगान शोधूक गेले. होडी गावली थंय मिठबावच्या पुळणीर."

सर्जेकोट दक्षिणेला, मिठबाव उत्तरेला. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वाडीत फक्त आईचा प्रश्न फिरत राहिला होता. बाबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं, हे कुणी बोललंच नव्हतं. मला आईला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. काकीने खाली वाकून केरसुणी उचलली आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागली.

"जावा आता," आई म्हणाली. "वारो बघा."

आम्ही गेलो. जाताना सगळं सोपं होतं, आणि तेच वाईट. खडकांजवळ माझ्या गळाला गोबरा लागला, दोर खडकात अडकला, तो सोडवण्यात वेळ गेला. मान वर केली तेव्हा नवरा बराच बाहेर गेलेला होता. तो तोंडाने काहीतरी सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. मी शिट्टी फुंकली. दुपारी पडणारा वारा त्या दिवशी पडलाच नाही. नवरा वल्हं मारत होता आणि जागच्या जागीच होता. मी दोर कापला, गोबरा सोडला, त्याच्याकडे गेले, आणि मग दोघं मिळून आम्ही काठाकडे तोंड करून वल्हवत राहिलो. खांदे जळत होते. फोनवर रेंज नव्हती. ऊन डोक्यावर आलं, मग थोडं कललं. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि मला एकच दिसत होतं, आई पुन्हा ओट्यावर बसून वाट बघते आहे.

फुटणाऱ्या लाटांच्या जवळ आलो तेव्हा नवरा म्हणाला, "ती बघ."

तोंडवळीच्या मोकळ्या पुळणीवर भर उन्हात दोन बायका आमच्या दिशेने चालत येत होत्या. पुढे आई, काळी छत्री घेतलेली, एक हात डोळ्यांवर आडवा धरून पाणी न्याहाळत. मागे पाण्याची कळशी कमरेवर घेऊन, धापा टाकत, काकी. घरापासून तिथपर्यंत त्या चालतच आल्या होत्या, उत्तरेला.