गुरुजींची दबलेली बाजू

मेंदू ताजा असताना फार मऊ असतो. फॉर्मालिनच्या बादलीत नुसता सोडला, तर तळाशी बसून स्वतःच्याच वजनानं चपटा होतो. म्हणून त्याच्या बुडाशी असलेल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवायचा, तो बादलीच्या कडीला बांधायचा आणि मेंदू उलटा, अधांतरी टांगायचा. दोन-तीन आठवड्यांत तो घट्ट होतो. बारामतीच्या आमच्या शरीररचना विभागात मी हे दरवर्षी नव्या मुलांना तावातावानं सांगते. आणि गुरुजींच्या वेळी मीच घोळ घातला.

गुरुजी इंदापूरचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. देहदानाचा अर्ज भरायला बायकोला घेऊन आले होते. सही करताना म्हणाले, "मॅडम, डोकं तेवढं नीट ठेवा. जन्मभर शिकवलंय त्यानं, आणखी शिकवंल." मी तोंड भरून शब्द दिला.

पुढे गुरुजी गेले. आमचे अटेंडंट मामा कन्हेरीचे. त्यांनी गुरुजींचा मेंदू व्यवस्थित टांगला. द्रावण बदलायला म्हणून मी दोरा सोडला, मेंदू दुसऱ्या बादलीत ठेवला, आणि तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं. गेले ती गेलेच. त्यात जोडून सुट्ट्या. सोमवारी मामांनी झाकण काढलं.

"मॅडम, बटाटा टाकल्यागत टाकला व्हय गुरुजींना?"

डावी बाजू सपाट झाली होती. मी मामांवरच डाफरले, तुम्ही बघायचं नाही का म्हणून. मग मी माझ्या खोलीत जाऊन बसले आणि स्वतःची लाज वाटली.

उजव्या बाजूच्या वळ्या मात्र सुरेख आहेत. मुलं हातमोजे घालून त्यांवर बोट फिरवत नावं पाठ करतात. डावी बाजू वर आली की मी सांगते, ही माझी चूक. मुलं खूश होतात. मामा रोज गुरुजींच्या मेंदूची बरणी पुसताना "नमस्कार, गुरुजी" म्हणतात, मुद्दाम मला ऐकू जाईल असं.

यंदा देहदात्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला गुरुजींच्या पत्नी एकट्याच एसटीनं आल्या. मी त्यांना चहा द्यायला गेले, तर म्हणाल्या, "त्यांचं डोकं नीट हाय न्हवं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे सही करणारे गुरुजी आले.

"नाही, काकू. उजवी बाजू चांगली आहे. डावी माझ्या हलगर्जीपणानं दबली. शब्द दिला होता मी. पाळला नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मी तशीच उभी.

"पोरांना ठावं हाय, तुमच्या हातनं झालं ते?"

"दर वर्गात मीच सांगते."

"मग बसा की खाली. चुकलं म्हणून आपणहून सांगणाऱ्या पोराला त्यांनी कधी उभं ठेवलं न्हाय."

मी बसले आणि सगळ्यांदेखत रडले.