दुसरा कौल

आईच्या छातीत गाठ होती आणि ती तिनं सात महिने लपवली. सापडली ती माझ्या लेकीमुळे. पहिलीतली पोर आजीच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, "आजी, हय कायतरी घट्ट लागता." गोव्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पंधरा दिवसांत ऑपरेशन करा, आणखी उशीर केलात तर काही हातात राहणार नाही. मी तारीख घेतली, शाळेत रजा टाकली, गाडी ठरवली. आई चवळीच्या शेंगा मोडत शांतपणे म्हणाली, "देवाक विचारल्याबिगर मी खंय येवचंय नाय."

आमच्या गावात काही मोठं ठरवायचं तर देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वडील गेल्यावर आईनं एकटीनं संसार ओढला तो या पाकळ्यांच्या भरवशावर. मला शिकायला कोल्हापूरला पाठवायचं ठरलं होतं, तेव्हा डावी पडली. झालं, मी इथल्याच कॉलेजात गेले. तो राग मी वीस वर्षं मुरवत ठेवला होता. आईला मात्र शंका कधी शिवलीच नाही. देवाला एकदाच विचारायचं; पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं, असं ती मानायची.

कौल सोमवारी सकाळी लागणार होता आणि त्याच दिवशी आम्हाला निघायचं होतं. रविवारी दुपारी मी गुपचूप गुरवकाकांच्या घरी गेले. म्हटलं, "काका, उजव्या पाकळीक पाणी जरा कमी लावा, म्हणजे ती आधी पडात." काका जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"बाय, मी फकत लावतंय. पाडता तो," ते म्हणाले. "ह्यां तू बोललंस तां मी आयकूक नाय."

लाजही वाटली आणि त्यांचा संतापही आला. सोमवारी देवळात आम्ही तिघंच होतो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. काकांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "हिका ऑपरेशनाक नेवचा की नाय, ता तू सांग, म्हाराजा." मी उजव्या पाकळीवर डोळे रोखून बसले. देव न मानणारी मी, मनातल्या मनात त्याच्या पाया पडत होते. पंधरा मिनिटं गेली असतील. डावी पडली.

आईनं हात जोडले. "बरां," एवढंच म्हणाली आणि उठायला लागली.

मग माझं भान सुटलं. देवळात कुणी ओरडत नाही, मी ओरडले. "आये, माका कोल्हापूर नको होता, माका काय्येक नको होता! माका तू व्हयी!" रडत तिथेच फरशीवर बसले. चाळिशीच्या उंबरठ्यावरची मास्तरीण, आणि लहान पोरीसारखी तिचा पदर धरून बसले.

आई उठता उठता पुन्हा खाली बसली. मग तिनं काकांकडे न बघता सांगितलं, "परत लावा."

पुन्हा पाकळ्या लागल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन्ही पाकळ्या घट्ट. बाहेर हॉर्न वाजतच होता. अचानक आई उठली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि म्हणाली, "चल गो. गाडी खोळंबलीहा." कौल तसाच अर्धा ठेवून ती पायऱ्या उतरली.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई त्यानंतर सहा वर्षं जगली. दर सोमवारी ती नातीला घेऊन देवळात जायची, पण आत जात नसे. बाहेरच्या पायरीवर बसायची आणि फुलांचं तबक पोरीच्या हातात द्यायची. पोर हट्ट करायची, "आजी, तूय चल मा." ती म्हणायची, "गुडघे दुखतत गो. माझोय नमस्कार सांग देवाक." मी तिला गुडघ्याचं मलम आणून देत राहिले. ती ते मुकाट्यानं लावायची.

आई गेली त्याला तेरा दिवस झाल्यावर मी देवापुढे पान-सुपारी ठेवायला देवळात गेले. गुरवकाका आता थकले आहेत. ते म्हणाले, "बाय, एक गजाल सांगूची रवली. तुमी गेल्यार थोड्या येळान दुसरोय डावोच पडलो. गोव्यासून इल्यार तिना पयला ताच विचारल्यान."

"मगे? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तेना दोनदा नको म्हटल्यान आणि तरी मी गेलंय. आता खंयच्या तोंडान आत येव? भायर बसतंय. माझ्या चेडवाक मात्र ह्यां सांगा नकात."

मी बाहेर आले आणि तिच्या पायरीवर बसले. चाळीस वर्षं समोर बसून ज्याच्याशी ती बोलली, तो तिथून दिसतच नाही. मधे खांब येतो.