ढकलतो की जातात

विधिमंडळाच्या एका समितीच्या कार्यालयात तिला सगळे कानामात्रा म्हणत. एकतीस वर्षं ती लघुलिपीत तिथलं कामकाज टिपत होती. या काळात तिने पदरचा एक काना घातला नव्हता, की कुणाची अब्रू झाकायला एक मात्रा गाळली नव्हती. माणसं येत, बोलत, विरून जात. तिच्या पेन्सिलीची बारीक रेघ तेवढी मागे उरे.

त्या दिवशी समोर एका बड्या तंत्रज्ञान कंपनीचे प्रमुख बसले होते. त्यांच्या शोधयंत्रावर छोट्या विक्रेत्यांची दुकानं नेहमी तळाशी का, असा समितीचा प्रश्न होता. दोन तास साहेब सराईतपणे सांगत होते: क्रम ठरतो, दुकानं खाली जातात. सगळं आपोआप, पाण्याला उतार सापडावा तसं.

शेवटी अध्यक्षबाई वैतागल्या. "अहो, जातात म्हणजे? पाय फुटलेत का त्यांना?"

हशा पिकला. साहेबही हसले आणि हसण्याच्या भरात, माइकचं बटण दाबायच्या आधीच, बोलून गेले, "बरं, ढकलतो आम्ही. पण..."

मग बटण दाबलं. पुढचं गुळगुळीत उत्तर ध्वनिमुद्रणात गेलं. 'ढकलतो' मात्र हशात बुडालं; ते फक्त तिच्या वहीत होतं.

"वाचा हो जरा, बटणाआधी काय म्हणाले ते," अध्यक्षबाई म्हणाल्या. तिने वाचलं.

कंपनीचे वकील ताडकन उठले. "असं कुणी म्हणालंच नाही! बाई, वय झालं आता तुमचं. ऐकण्यात चूक होते एखादी."

दोन वर्षांपासून तिचा डावा कान अधू होता. हे एका नवऱ्यालाच ठाऊक. तो घरात उजवीकडे येऊन हाक मारायचा. कबूल करावं, तर निवृत्तीआधीच नोकरी जायची. दडवावं, तर उद्या कुणीतरी उकरून काढणार आणि तिच्याबरोबर तो शब्दही खोटा पडणार.

"दोन वर्षं झाली, डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "म्हणूनच खुर्ची अशी लावते, की बोलणारा उजवीकडे यावा. आणि वकीलसाहेब, लघुलिपीत 'जातात' आणि 'ढकलतो' म्हणजे उंट आणि शेळी. एकाच्या जागी दुसरं लिहायला कान नाही, डोकं जावं लागतं."

या वेळी साहेबांनी आधी बटण दाबलं.

"बसा वकीलसाहेब. म्हणालो मी तसं."

तिने तेही टिपलं. रेघ स्वच्छ आली.

बैठक संपल्यावर समितीचे सचिव कागद घेऊन आले. "कानामात्रा, तुमची तपासणी करावी लागेल. दोन वर्षं सांगितलं कसं नाहीत? कारण लिहावं लागतं इथे."

"राहून गेलं..." ती म्हणाली, आणि थांबली. "छे. तसं नका लिहू. लपवलं मी."