सोळा पायऱ्या

आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आई दादाकडे राहायची, गुलमंडीत. खाली त्याचं कापडाचं दुकान, वर घर. शेजारच्या खाटांवरच्या लोकांदेखत दादा म्हणाला, "सोळा पायऱ्या हायेत. चढून आली तर तिची खोली तिचीच. नाय तर तू ने."

आई डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी ठरवलं, ह्याला बोलून उपयोग नाही, आईला त्या सोळाच्या सोळा पायऱ्या चढवायच्या.

आधी महिनाभर पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथं सरावासाठी चार पायऱ्यांचा लाकडी जिना होता. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. तिसऱ्या पायरीवर आई रडकुंडीला यायची.

"बास गं, लई दुखतंय."

बाई म्हणायच्या, उद्या करू. मी म्हणायचे, "दादा काय म्हणाला ते ऐकलंस ना?" की आई ओठ चावून पाय उचलायची. वाईटच वागत होते मी. सगळ्यांना सांगायचे आईसाठी करते, पण खरं तर मला दादाचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

पुढे दोन महिने ती बजाजनगरला माझ्या घरी होती. रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या बिल्डिंगचा जिना. त्याच काळात दादानं तिची खोली मालाच्या गठ्ठ्यांनी भरल्याचं मला कळलं. आईला मी मुद्दाम सांगितलं नाही.

मग एका दुपारी, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना, तिला घेऊन गुलमंडीला गेले. एक हात कठड्यावर, एक हात काठीवर. दादा मागून धावत आला. "अगं, फोन करायचा, उचलून नेलं असतं!" आईनं पुढच्या पायरीवर चांगला पाय ठेवला.

सोळावी चढून आईनं खोलीचं दार ढकललं. छतापर्यंत गठ्ठे. खाट कुठेच नाही.  ती दारातल्या उंच गठ्ठ्यावर टेकली.

"हे खाली ने," ती दादाला म्हणाली.

"गडी येऊ दे की, आई."

"गडी कशाला? मी चढले की."

गिऱ्हाइकांसमोर दादा खांद्यावर गठ्ठा घेऊन उतरू लागला. वहिनीनं निमूट चहा आणून दिला. इतका गोड चहा मी त्या घरात कधी प्यायले नव्हते. चौथ्या फेरीला वर येताना तो मध्येच गुडघा धरून थांबला.

मी वरून म्हणाले, "चढताना चांगला पाय आधी, दादा."

आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"बोलू नको त्याला, दमंल. अजून लई गठ्ठे हायेत."