जिन्यावरच्या तीन इयत्ता

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी एक आणि खोलीही एकच. चार भिंतींना चार इयत्ता पाठ टेकून बसायच्या. गुरुजी मधोमध उभे राहून ज्या भिंतीकडं तोंड करतील, ती इयत्ता चालू. वरच्या वर्गानं खालच्या वर्गाचा धडा मोठ्यानं वाचून दाखवायचा, खालच्यांनी मागून म्हणायचा, अशी तिथली रीत होती. पुढं आठवीतून माझी शाळा सुटली, लग्न झालं, हिंगोलीकडची मी चाकणला आले. एका खोलीत चार इयत्ता कशा चालवायच्या हे आपल्याला येतं, एवढीच काय ती माझी विद्या. ती कधी कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

कामाला आली ती अशी. आमची खोली नाशिक हायवेच्या अलीकडं आणि लेकरांची शाळा पलीकडं. दिवाळीच्या सुट्टीत व्हॅनवाल्यानं व्हॅन विकली आणि तो कंपनीत लागला. बाकीच्यांची पोरं कुणाच्या गाडीवर, कुणाच्या हाताला धरून जायला लागली. आमच्या ह्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळं पोचवणं माझ्याकडं आलं. मी तिघांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. समोरून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर, त्यांच्यामागं कंटेनर, मधून दुचाक्या. थोरला म्हणाला, आई, आता चल. मी म्हणाले, हा जाऊ दे. तो गेला की दुसरा यायचा. शेवटी आम्ही चौघं तसेच घरी परत आलो. भित्री म्हणा हवं तर, मला त्याचं काही वाटत नाही.

मग एक दिवस ह्यांच्यासोबत शाळेत गेले आणि मधल्या लेकीच्या वर्गाच्या बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, हेडसरांशी मी बोलते, पुस्तकं घेऊन जा, घरी अभ्यास घ्या आणि परीक्षेला तिघांनाही आणा. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी असतं तर मला आधी माझं शिक्षण विचारलं असतं.

थोरला सातवीत, मधली तिसरीत, धाकटा बालवाडीत. खोलीत चार भिंती होत्या, पण एकीला ओटा, एकीला कपाट, एकीला पलंग. म्हणून मी शाळा जिन्यावर भरवली. गच्चीकडं जाणारा बाहेरचा जिना सकाळभर सावलीत असायचा. वरच्या पायरीवर सातवी, मधल्या पायरीवर तिसरी, खाली बालवाडी, आणि मी तळाशी भाजी निवडत. भाजी निवडून झाली की लसूण सोलायचा. हातांना काम असलं की माझ्या जिवाची धाकधूक कमी होते, आणि लेकरांनाही वाटत नाही की आई आपल्यावरच नजर ठेवून आहे.

सातवीचं गणित मला येत नव्हतं. मी थोरल्याला म्हणायचे, मला समजावून सांग, मी ढ आहे असं समज. तो सांगायचा, मी अडायचे, तो पुन्हा सांगायचा आणि सांगता सांगता स्वतःच म्हणायचा, थांब, हे चुकलं. त्याचं गणित त्या वर्षी सुधारलं ते माझ्या अडाणीपणावर. मराठीला मात्र मी गुरुजींची रीत लावली. थोरल्यानं तिसरीचा धडा वाचायचा, मधलीनं मागून म्हणायचा, मग मधलीनं पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीवरून बोट फिरवत वाचून दाखवायचा. ती घडाघडा वाचायची. मी लसूण सोलत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, ह्या पोरीची काही काळजी नाही.

घरमालकीण मावशी खालीच राहायच्या. इथल्याच जुन्या घरातल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण आमची शाळा भरली की खुर्ची घेऊन अंगणात बसायच्या. लग्नसराईत त्यांच्याकडं पत्रिकांचा ढीग यायचा. गावकीतलं एकही लग्न त्यांनी चुकवलं नसेल. पत्रिका वाचायचं काम थोरल्याचं. "आमचे येथे श्री कृपेकरून" इथपासून "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" इथपर्यंत तो खणखणीत वाचायचा आणि मावशी कार्यालय कुठलं, मुहूर्त कधीचा ते ध्यानात ठेवायच्या.

एकदा थोरला दळण आणायला गेला होता. मावशींनी पत्रिका मधलीपुढं धरली. तिनं बोट ठेवलं आणि श्री कृपेकरूनपासून कार्यालयापर्यंत कुठंही न अडखळता वाचलं. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रविवारी नऊवारी नेसून, शेअर रिक्षा करून मावशी तळेगाव रस्त्याच्या कार्यालयात गेल्या. लग्न त्यांच्या नणंदेच्या नातीचं होतं आणि ते होतं राजगुरुनगरकडच्या कार्यालयात. तळेगाव रस्त्याचं कार्यालय आधीच होऊन गेलेल्या एका लग्नाच्या पत्रिकेतलं होतं.

दुपारी परत आल्या त्या हसतच. अंगणातूनच त्यांनी मला हाक मारली.

"अगं, अक्षता टाकल्या, जेवले, जिलबी दोनदा घेतली. आन मंग शेजारच्या बाईला म्हनलं, माझी नणंद कुठं दिसंना, रुसली का काय. ती म्हनली, कोन नणंद? तवा कळलं, आमी भलत्याच मांडवात हाय."

"मग मावशी, आहेराचं?"

"दिला की. जिलबी खाल्लीया तेंची. फुकट खायची व्हय?"

मधलीवर त्या रागावल्या नाहीत. ल्हान हाय, नजर चुकली असंल, एवढंच म्हणाल्या. मीही त्यांच्याबरोबर हसले. पण नजर चुकली तर एखादं अक्षर चुकतं, अख्खं कार्यालय कसं चुकेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी मधलीला जिन्यावर बसवलं आणि पुस्तकाचा अगदी शेवटचा धडा उघडून दिला. तिनं सवयीनं बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी म्हणाले, वाच की. ती माझ्याकडं बघून अगदी साधेपणानं म्हणाली,

"हा धडा दादानं अजून वाचलाच नाही."

तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच. दादाचं ऐकायचं, ध्यानात ठेवायचं आणि पानावर बोट फिरवत म्हणायचं. लबाडी नव्हती त्यात. गुरुजींच्या खोलीत चार इयत्तांच्या गलक्यात गुरुजी मधूनच कुणाच्याही पुस्तकात बोट खुपसून विचारायचे, हा शब्द कोणता? मी रीत सगळी उचलली आणि ते बोट तेवढं विसरले.

ह्यांना सांगणं भाग होतं. हे चिडले नाहीत, त्याचंच मला भ्या वाटलं. ह्यांची बहीण गावाकडं असते. तिला मूलबाळ नाही, शाळा तिच्या घरासमोर, आणि दिवाळीपासून तिचा दर फोनवर एकच धोशा होता, मधलीला माझ्याकडं ठेवा. हे जेवता जेवता म्हणाले, "तू आठवी, मी दहावी नापास. आपण लेकरांचा खेळ करायलोत. परीक्षेत ती वाचली तर राहू दे. नाहीतर जूनमध्ये ताईकडं."

ते वावगं बोलत होते असं मी म्हणणार नाही. नणंदेचा जीव आहे पोरीवर. तिथं तिला काही कमी पडलं नसतं, आणि मला भीती होती ती ह्याचीच. चार महिन्यांत ती मला परकी झाली असती. मी स्वतः माहेराहून इतकी लांब आहे की वर्षातून एकदा आईचं तोंड दिसतं. लांब गेलेली लेक कशी हळूहळू पाहुणी होते ते मला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्यानं वाचणं बंद केलं. थोरल्याला गच्चीवर धाडलं. तो रुसला, एवढे दिवस तो मास्तर होता. मावशींकडून जुन्या पत्रिका मागून आणल्या. पत्रिकेवर गणपती असतो म्हणून मावशी त्या टाकून द्यायच्या नाहीत, फळीवर गठ्ठा बांधून ठेवायच्या. वरचा गणपती आणि श्री कृपेकरून सगळ्यांचं सारखंच, ते मी तळहातानं झाकायचे आणि खाली छापलेली पाहुण्यांची नावं तिला वाचायला लावायचे. इथल्या पत्रिकेत नावांना तोटा नाही. काका, मामा, आत्या, गावचे माजी सरपंच, सगळे असतात. नावांना चाल नसते, त्यामुळं पाठ होत नाहीत. आणि प्रत्येक पत्रिकेत नवी.

आधी रडारड झाली. तिनं पत्रिका जिन्यावरून खाली फेकल्या, मावशींनी गोळा करून परत दिल्या. मग मी तिला धाकट्याची मास्तरीण केलं. दादाचं ऐकून म्हणायची सोय तिथं नव्हती, कारण धाकट्याला काहीच येत नव्हतं आणि तो बोट ठेवून विचारायचा, हे काय? तिनं क ला फ सांगितलं की तो उद्या भांडायचा, काल तू दुसरंच म्हणाली होतीस. त्याला गप्प बसवायचं म्हणून ती माझ्याकडं यायची, हळूच विचारून जायची आणि त्याच्यापुढं तोरा मिरवायची. मी तोरा मिरवू दिला.

उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याचा टँकर यायचा. एकदा तो मागं मागं घेत गल्लीत शिरत होता, आणि जिन्यावरून मधलीचा आवाज आला, तुकड्यातुकड्यांनी. "पि. पिण्या. पिण्याचे. पाणी." मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, पिण्याचे पाणी. टँकरवरचं हे तिला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. मी हंडे लावायला धावले, कारण टँकर थांबत नसतो, पण त्या दिवसापासून माझी झोप सुधारली.

परीक्षेच्या दिवशी ह्यांनी सुट्टी टाकली आणि गाडीवरून आम्हाला दोन खेपांत पलीकडं नेलं. थोरला आणि धाकटा आपापल्या वर्गात गेले. तिसरीची तोंडी परीक्षा होती. मी व्हरांड्यात दारापाशी उभी राहिले, ह्यांना फाटकाशी थांबा म्हणाले. बाईंनी पुस्तक बाजूला सारलं आणि दुसरंच एक गोष्टीचं पुस्तक तिच्यापुढं उघडलं. मधलीनं बोट ठेवलं. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत जोडाक्षराशी ती अडली. मला दारातून शब्द दिसत नव्हता, ते बरंच झालं. दिसला असता तर मी बोलून बसले असते. ती त्या शब्दावर इतका वेळ थांबली की मागच्या बाकावरची पोरं खुसफुसायला लागली. तिनं मान वर केली नाही. अक्षर फोडलं, जोडलं, चुकीचं म्हणाली, पुन्हा मागं गेली आणि बरोबर म्हणाली. अशी तिनं अर्ध्या पानापर्यंत मजल मारली आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "हळू वाचते. पण बघून वाचते. चौथीत बसवायला माझी हरकत नाही."

हे फाटकाशीच होते. मी काही बोलायच्या आधी मधलीनंच त्यांना सांगितलं, शब्द कुठला अडला होता ते. ह्यांनी तिथंच फोन काढून बहिणीला लावला. म्हणाले, ताई, पोरगी इथंच राहील, वाचायलीय ती. मी ह्यांच्या हातून फोन घेतला. नणंदेशी मी आजवर विचारलं तेवढंच बोलत आले होते. त्या दिवशी मीच म्हणाले, ताई, सुट्टी लागायलीय, तुम्हीच इकडं या. महिनाभर राहा.

त्या म्हणाल्या, "मी येऊन काय करू? मला तर नुसतं चुलीजवळचं येतंय."

मी म्हणाले, या तर, जिन्यावर जागा करू. आणि येताना मिरच्या आणा. इथल्या मिरचीला चव नाही.