पाहणीच्या दिवशीचं पाणी

पाहणीची तारीख आम्ही ज्याचं काम तपासायचं त्या खात्याला आठवडाभर आधी कळवायचो. कामाची शिस्त म्हणे! चोराला सांगून पहाऱ्यावर जायचं, त्यातली गत. ऑफिसात नुकतेच कॉम्प्युटर आले होते, पुण्यात जो तो त्याचंच बोलत होता, आणि सरकारी योजनांचं मूल्यमापन करणारी मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

येरवड्याच्या एका वस्तीत नवे नळ बसवले होते. त्यांना पाणी येतं का, हे मी तपासायचं. येतं असं ठरलं की टँकर बंद होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. गेले, तर नळाला धो धो पाणी. तिथं शिवणकाम करणारी एक बाई होती, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हे आज तुमच्यासाठी सोडलंय. उद्या येऊन बघा, थेंब नसेल. एवढं लिहा हो. टँकर गेला तर म्हातारीचं धुणं कशानं धुऊ?"

"लिहिते," म्हटलं.

फॉर्मवर प्रश्न होता, 'पाहणीच्या वेळी नळाला पाणी होते काय?' होतं की! 'होय'वर खूण केली आणि शेऱ्याची जागा कोरी सोडली. शेरा लिहिला असता तर न कळवता पुन्हा फेरी मारावी लागली असती, वर साहेबांची कटकट. खरं सांगायचं तर कंटाळा केला, दुसरं काही नाही. अहवाल देखणा झाला, रंगीत आलेखांसकट. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी निर्लज्जासारखी खूश झाले.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच वस्तीत गेले. टँकर बंद झाला होता. ती बाई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन मोठा रस्ता ओलांडून येत होती. आता ही माझी खरडपट्टी काढणार, असं वाटलं. काढायलाच हवी होती. हंडा दारात उतरवून तिनं एवढंच विचारलं, "ताई, तेव्हा मी सांगितलं ते लिहिलं नव्हतं का?"

"लिहिलं होतं हो," मी म्हणाले. "वर कुणी वाचलंच नाही."

जीभ कशी झडली नाही माझी!

"जाऊ द्या, तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली. मग वळून तिनं शेजारणीला हाक मारली, "बघ गं, मी सांगत होते ना तुम्हाला सगळ्यांना? ताईंनी लिहिलं होतं."